टीव्हीची भिंत बुजवण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत टीव्हीच्या भिंतींची छायाचित्रं आली होती. कुठे लाकडी पट्ट्यांचं पॅनेल, कुठे मार्बलसारखा पत्रा, मधोमध टीव्ही, आणि आजूबाजूला एकही वायर नाही. ते पान घडी घालून आतापर्यंत तीन गिऱ्हाइकं माझ्याकडे आली. "अगदी असंच पाहिजे, वायर दिसायला नको," एवढंच सगळ्यांचं म्हणणं. त्या वायरी गेल्या कुठे, हे मात्र त्या पानावर कुठेच नव्हतं, म्हणून हे पत्र लिहितोय. मी तारतंत्री आहे. सांगलीच्या आयटीआयमधून 1988 साली बाहेर पडलो, तेव्हापासून घरांची वायरिंग करतो.

सध्या पितृपक्ष चालू आहे. या दिवसांत कोणी खरेदी करत नाही, पण दसऱ्याला नवा टीव्ही आणायचं पुष्कळ घरांत ठरलेलं असतं. दुकानातला माणूस दसऱ्याच्या दुपारी येतो, ड्रिल मारतो, अर्ध्या तासात टीव्ही टांगून जातो. वायरी लोंबायला लागल्या की मग घरच्यांना भिंतीची आठवण होते. भिंतीचा विचार करायला हेच पंधरा दिवस बरे आहेत.

विश्रामबागेतल्या एका फ्लॅटचं सांगतो. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, सहा वर्षांची मुलगी. बिल्डरने हॉलमध्ये टीव्हीचा पॉइंट दिला होता स्कर्टिंगच्या वर जेमतेम एक फूट, म्हणजे टीव्ही शोकेसमध्ये ठेवायच्या काळातल्या उंचीवर. यांचा टीव्ही 55 इंची, भिंतीवरचा. पॅनेल करायला आलेल्या सुताराच्या पोराने कटर घेऊन भिंतीत बोटभर झिरी मारली, त्यात एचडीएमआय केबल (सेटटॉप बॉक्समधून टीव्हीत चित्र आणि आवाज नेणारी) आणि टीव्हीची स्वतःची पॉवर कॉर्ड तशीच दाबली, वरून पीओपी भरलं आणि पॅनेल ठोकलं. दिसायला झकास. सव्वा वर्षाने टीव्हीवर चित्र यायचं बंद झालं आणि मला बोलावणं आलं.

मी पॅनेलजवळ गेलो तेव्हा मुलीने काढलेली चित्रं पॅनेलच्या कडेला चिकटवलेली होती. दोन पट्ट्यांच्या मध्ये स्क्रूची माथी दिसत होती. सवयीने एकेका स्क्रूला टेस्टर लावत गेलो. चौथ्या स्क्रूला टेस्टरचा दिवा लागला.

मेन बंद करून तो स्क्रू काढला. टोकाला तांब्याचा केसाएवढा तुकडा चिकटला होता. पॅनेल बसवताना तो स्क्रू थेट पॉवर कॉर्डमध्ये घुसला होता आणि नेमका फेजच्या, म्हणजे करंट असलेल्या, वायरीला लागला होता. लाकूड आणि सुकं पीओपी यांतून करंट कुठे उतरत नव्हता, म्हणून एमसीबी, म्हणजे मेनबोर्डातला आपोआप पडणारा खटका, पडला नाही, फ्यूज गेला नाही, कुणाला काही कळलं नाही. सव्वा वर्ष तो स्क्रू जिवंत होता आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर ती पोर चित्रं चिकटवत होती. करंट भलतीकडे गळायला लागला की लाइन तोडणारा आरसीसीबी घरात नव्हता. चित्र का येत नाही ते नंतर सापडलं: कोपऱ्यात एचडीएमआय केबल काटकोनात मुडपली होती. पण त्या दिवशी मला आणि तिच्या आईला टीव्हीचं काही सुचत नव्हतं.

त्या सुताराच्या पोराला मी दोष देत नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याने वायर लपवली. लपवायची असते वायरीची वाट, म्हणजे पाइप. पाइपातली वायर ओढून काढता येते, नवी घालता येते, आणि पाइप कुठून गेलाय हे माहीत असेल तर त्यावर कोणी स्क्रू मारत नाही. टीव्हीबरोबर येणारी पॉवर कॉर्ड तर भिंतीत गाडायसाठी बनवलेलीच नसते. ती उघड्यावर, हवेत राहायची कॉर्ड. टीव्हीच्या मागेच सॉकेट द्यायचं आणि तिथपर्यंत पाइपातून फेज, न्यूट्रल, अर्थिंग अशा तीन वायरी न्यायच्या. टीव्हीला दीड चौरस मिलिमीटरची वायर पुरते.

पाइपाची किंमत मला खरी कळली ती 2019 च्या ऑगस्टमध्ये. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. पाणी ओसरल्यावर दोन महिने आम्ही सगळे वायरमन गावभाग, मारुती चौक, शामरावनगर अशा भागांत घरं उघडत फिरत होतो. स्विचबोर्ड काढला की बॉक्समधून गढूळ पाणी यायचं, पाठोपाठ बारीक चिखल. ज्या घरांत पाइप नीट होते, वळणं मोठी होती, तिथे जुन्या वायरी ओढून काढल्या, पाइपात हवा मारली, आठ-दहा दिवस वाळू दिलं आणि नव्या वायरी भरल्या. भिंतीला धक्का लागला नाही. ज्यांनी नंतर नंतर हौसेने टीव्हीच्या आणि साउंडच्या वायरी प्लॅस्टरमध्ये थेट दाबून घेतल्या होत्या, त्यांच्या भिंती फोडाव्या लागल्या. आधीच घरातलं सगळं गेलेलं, वर छन्नी-हातोडा. 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. तेव्हापासून नदीकाठच्या घरांत मी खालच्या पॉइंटचा आग्रहच सोडला. टीव्हीचं सगळं वरून, छताच्या बाजूने खाली आणतो.

आता पाइप केवढा, यावर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. दुकानात गिऱ्हाईक पाइप मागतं, दुकानदार नेहमीचा 20 किंवा 25 मिलिमीटरचा देतो. लाइटच्या वायरींना तो उत्तम. पण एचडीएमआयच्या केबलला दोन्ही टोकांना कारखान्यातच प्लग लावलेला असतो. तो कापून, केबल ओढून, परत जोडता येत नाही, डिशच्या केबलीसारखं तिचं नसतं. प्लगची रुंदी आवरणासकट साधारण 20 मिलिमीटर. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हार्डवेअरच्या दुकानात नेतो आणि पाइपाच्या तुकड्यात तो प्लग स्वतःच्या हाताने घालायला सांगतो. 20 च्या पाइपाच्या तोंडाशीच तो थांबतो. 25 मध्ये एखादा बारीक प्लग रेटून सरळ जातो, बहुतेक जात नाहीत. 32 मध्ये सरळ जातो, पण एल्बो आला की अडकतो, कारण प्लग लांबीला ताठ असतो आणि एल्बोचं वळण काटकोनी असतं. 40 च्या पाइपात, मोठ्या बेंडमधून, तो सुरळीत येतो. दोन मिनिटांचा प्रयोग आहे. एकदा हाताला कळलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

मग प्रत्येक भिंतीत 40 चा पाइप टाकावा का? तसंही नाही, आणि इथे वायरमननेही जपलं पाहिजे. विटांच्या बांधकामाचं भारतीय मानक सांगतं की उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नसावी आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा. साडेचार इंची भिंतीत म्हणजे उभी दीड इंच आणि आडवी पाऊण इंच. चार इंची सिपोरेक्स ब्लॉकची भिंत असेल तर उभी सव्वा इंचावर थांबायची. अशा भिंतीत 40 चा पाइप बसवायचा म्हणजे अर्धी भिंत पोखरायची, आणि पलीकडे शेजाऱ्याच्या बेडरूममध्ये प्लॅस्टरला तडा जायचा. हे झालेलं मी पाहिलंय. आडवी लांब झिरी तर पातळ भिंतीत मारूच नये. सेटटॉप बॉक्सचं कपाट थेट टीव्हीच्या खाली ठेवा, म्हणजे पाइप सरळ उभा, तीन-साडेतीन फुटांचा, एकही वळण नसलेला होतो. सरळ पाइपात 32 पुरतो. नऊ इंची भिंत असेल तर 40 चा बिनधास्त टाका.

आणि आजकालच्या उंच इमारतींत भिंतीच काँक्रीटच्या असतात, अॅल्युमिनियमचे साचे लावून एकत्र ओतलेल्या. त्यात झिरी मारायचीच नाही. कटर सळईला लागला की घराच्या हाडालाच लागला म्हणायचं. पाइप ओतण्याआधी टाकला असेल तर ठीक, नसेल तर भिंतीपुढे दोन-अडीच इंचांचं प्लायचं पॅनेल उभं करून त्याच्या मागून पाइप न्यायचे. हा उपाय पातळ विटांच्या भिंतीलाही चांगला आहे. खोली दोन इंचांनी लहान होईल, पण भिंत शाबूत राहील. भाड्याच्या घरात तर भिंतीला हातच लावू नये. रंगवलेली केसिंगपट्टी, म्हणजे वायर झाकायची प्लॅस्टिकची पट्टी, उभी लावली की दहा फुटांवरून दिसतही नाही.

पॉवरचा पाइप वेगळा आणि सिग्नलचा वेगळा, हे घरात कोणी विचारत नाही, म्हणून आवर्जून सांगतो. एकाच पाइपात 230 व्होल्टच्या वायरी आणि एचडीएमआय, डिशची केबल, इंटरनेटची केबल असं कोंबायचं नाही. एखाद्या वायरीचं आवरण सोललं तर करंट थेट टीव्हीच्या पोर्टमध्ये आणि सेटटॉप बॉक्समध्ये. शिवाय चित्र अडखळू शकतं ते निराळंच. दोन पाइपांत वीतभर अंतर ठेवा, एकमेकांना ओलांडायची वेळ आलीच तर काटकोनात ओलांडा. पाइपाच्या आत कुठेही जोड मारायचा नाही. आणि रिकाम्या पाइपात जीआय तार नाहीतर नायलॉनची दोरी घालून दोन्ही तोंडांशी बांधून ठेवा. पुढच्या माणसाला वायर ओढायला तीच उपयोगी पडते.

पुढचा माणूस येणारच आहे. माझ्याच हयातीत टीव्हीच्या मागे किती वायरी बदलल्या बघा. शिकत होतो तेव्हा अँटिनाची चपटी पट्टीसारखी वायर. मग केबलवाल्याची गोल काळी केबल. मग लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना. 2012-13 मध्ये मुंबई-पुण्यासारख्या शहरांत सरकारने केबल डिजिटल करायला लावली, मग हळूहळू सगळीकडे सेटटॉप बॉक्स आला आणि टीव्हीखाली एक खोकं वाढलं. एचडीएमआय 2002 साली आलं, पण त्यातही 2013 ची 2.0 वेगळी आणि 2017 ची 2.1 वेगळी. दोन्हींचे प्लग दिसायला सारखे, पण जुन्या केबलमधून नव्या टीव्हीचं पूर्ण चित्र जाईलच असं नाही. दहा वर्षांपूर्वी भिंतीत प्लॅस्टरखाली गाडलेल्या केबली आज जागेवरच मेल्यात. ज्यांच्याकडे पाइप होता त्यांनी नवी ओढली, काम संपलं.

केबलची लांबीही भिंत ठरवण्याआधीच धरावी लागते. साध्या तांब्याच्या एचडीएमआयवर फोर-केचं चित्र चार-पाच मीटरच्या पुढे रुसायला लागतं. सेटटॉप बॉक्स खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचा असेल तर ऑप्टिकलची केबल घ्यावी लागते. तिला दिशा असते. एका टोकावर 'सोर्स' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'डिस्प्ले'. मिरजेला एका घरात ती उलटी भरली गेली होती आणि आम्ही दोन तास टीव्हीला दोष देत बसलो होतो. म्हणून केबल कोणतीही असो, आधी जमिनीवर पसरून, दोन्हीकडे जोडून, एक दिवस चित्र चालवून बघायची आणि मगच पाइपात घालायची.

उंचीचं मात्र वायरमनला विचारू नका. ते घरच्यांनीच ठरवायचं. हॉटेलात आणि दवाखान्यात टीव्ही उंचावर असतो, तो बघून घरातही लोक छताजवळ टांगतात, आणि महिन्याभरात मान धरते. आपण सोफ्यावर नेहमीसारखे टेकून बसा आणि दुसऱ्या माणसाला जमिनीपासून डोळ्यापर्यंत टेप लावायला सांगा. साधारण 40-42 इंच येतात. टीव्हीचा मध्य तिथे. 55 इंची टीव्ही सुमारे 48 इंच रुंद आणि 27 इंच उंच असतो, म्हणजे त्याची खालची कड जमिनीपासून 27-28 इंचांवर येते. पण घरात आजी दिवाणावर आडवी होऊन बघत असेल, किंवा जेवायला सगळे खाली बसत असतील, तर त्यांचे डोळेही मोजा.

मग जुनी वर्तमानपत्रं घ्या, टीव्हीच्या मापाची पानं जोडा आणि भिंतीला चिकटवा. मी हे नेहमी करायला लावतो. दोन दिवस तो कागद तसाच राहू द्यावा. येता-जाता बघितलं की आपोआप कळतं, दाराचं पान उघडलं की अडतं का, खिडकीचा उजेड कुठे पडतो, कागद दोन इंच खाली पाहिजे की वर. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या आईने तिसऱ्या दिवशी स्वतः उठून कागद चार इंच खाली चिकटवला. त्या घरात टीव्ही तिथेच आहे.

त्याच कागदावर पेन्सिलीने टीव्हीच्या मागचं ब्रॅकेट काढा. टीव्हीच्या पाठीवर चार भोकं असतात, त्यांच्यातलं अंतर 200, 300 किंवा 400 मिलिमीटर असं ठरलेलं. दुकानात टीव्ही समोरून सगळेच बघतात, तुम्ही तो मागूनही बघा. एचडीएमआयची तोंडं कोणत्या बाजूला, पॉवर कोणत्या बाजूला, प्लग सरळ मागे घुसतो की कडेने. सॉकेटचा बॉक्स ब्रॅकेटच्या बरोबर मागे आला तर तो कधीच उघडता येत नाही. टीव्ही भिंतीला चिकटून बसणार असेल तर जाड प्लग मागे मावत नाही. आणि मोठ्या पाइपाचं तोंड सॉकेटच्या लोखंडी बॉक्समध्ये घुसवू नका, त्या बॉक्सची भोकं 20-25 च्या पाइपासाठीच असतात. त्याला शेजारी वेगळं तोंड ठेवायचं, वर झाकण.

सॉकेटं मोजून ठेवा. टीव्हीच्या मागे दोन. खाली कपाटात सेटटॉप बॉक्स, राउटर, साउंडबार, आणि पुढे जे येईल त्यासाठी आणखी दोन, म्हणजे पाच. कमी पडली की माणूस एक्स्टेंशन बोर्ड आणतो आणि पॅनेलच्या मागे सरकवतो. तो तिथे धुळीत, बंद जागेत वर्षानुवर्षं तापत राहतो. वितळून पॅनेलला चिकटलेला एक बोर्ड मी स्वतः सोडवलाय. घरचे म्हणत होते, जळका वास दिवाळीपासून येत होता, फटाक्यांचा असेल असं वाटलं.

आणि वळीव. आमच्याकडे चैत्र-वैशाखात दुपारनंतर आभाळ भरून येतं, कडकडाट सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी माझा फोन वाजत राहतो. वीज प्रत्यक्ष घरावर पडावी लागत नाही. जवळपास पडली तरी गच्चीवरच्या डिशच्या केबलमधून झटका खाली येतो, सेटटॉप बॉक्समध्ये शिरतो, तिथून एचडीएमआयमधून टीव्हीत. पूर्वी घराघरांत आजी ओरडायच्या, आभाळ वाजायला लागलं, टीव्हीची पिन काढा. टीव्हीसाठी ते बरोबरच होतं, फक्त कडकडाट जवळ यायच्या आधी काढावं. खटका बंद केला की फक्त फेज तुटतो, न्यूट्रल आणि अर्थिंग जोडलेलंच राहतं, आणि डिशच्या केबलला तर खटकाच नसतो. पिन आणि डिशची केबल दोन्ही काढायची. पण वायरी लपवायच्या नादात आपण या दोन्ही गोष्टी स्क्रूने बंद केलेल्या पॅनेलमागे नेऊन ठेवतो. मग आभाळ भरून आल्यावर पॅनेल कोण उघडणार?

म्हणून मी असं करतो. डिशची केबल आधी खालच्या कपाटात आणतो, तिथे हाताशी येईल असं तोंड देतो. टीव्हीच्या मागच्या सॉकेटची लाइनही कपाटातूनच वर नेतो, आणि ती कपाटातल्या सॉकेटमध्ये पिनेनेच जोडली जाईल अशी ठेवतो. कपाटाचं दार उघडलं, पिन उपसली, केबल फिरवून काढली, संपलं. सत्तर वर्षांच्या बाईला वाकून करता आलं पाहिजे, हे माझं माप.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसलो ते. बांधकाम व्यावसायिकांना माझं हात जोडून सांगणं आहे की घराचा ताबा देताना भिंतींतल्या पाइपांचा नकाशा द्या. चावी देता, पार्किंगचं कार्ड देता, टाइल्सचा रंग कोणता होता तेही सांगता. पण कोणत्या भिंतीतून कुठून कुठे पाइप गेलाय, हे त्या घरात तीस वर्षं राहणाऱ्या माणसाला कोणी सांगत नाही. गणपतीला मखराची दोरी बांधायला खिळा ठोकताना, तोरणासाठी, देवघरासाठी, वडिलांचा फोटो लावताना तो माणूस अंधारात ड्रिल चालवतो. पाइप तुमच्याच वायरमनने टाकलेले असतात, प्लॅस्टर तुमच्याच देखरेखीखाली होतं. त्या आधी प्रत्येक भिंतीचा एक फोटो काढायला काय लागतं? 2016 च्या रेरा कायद्याने ताब्यानंतर पाच वर्षं कामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरवर टाकली, हे चांगलंच झालं. पण भिंतीच्या पोटात काय आहे हे घरमालकाला माहीतच नसेल तर दोष कुणाचा, हे तरी कसं ठरवायचं? महापालिकांनी आणि बिल्डरांच्या संघटनांनी हे मनावर घ्यावं. आणि टीव्हीचा पॉइंट एक फुटावर देणं आता थांबवावं. चार फुटांवर एक बॉक्स, खाली एक बॉक्स, मध्ये एक सरळ रिकामा पाइप, इतकंच. बांधतानाच टाकला तर तो पाइप काहीशे रुपयांत होतो. नंतर भिंत फोडून, बुजवून, रंग देऊन तोच पाइप हजारांत पडतो.

घरमालकांनीही बिल्डरची वाट बघत बसू नये. झिऱ्या उघड्या असतात ते दोन-तीन दिवस मोलाचे. भिंतीला टेप लावा, टेपचं एक टोक जमिनीला आणि दुसरं दाराच्या चौकटीला धरा, आकडे दिसतील असे फोटो काढा. सरळ समोरून काढा, तिरके नकोत. वायरमनला सांगा की पाइप उभे नाहीतर आडवेच टाक, तिरका एकही नको, म्हणजे बोर्ड बघून कुणालाही वाट ओळखता येते. झिरीवर चिकनमेश, म्हणजे बारीक तारेची जाळी, लावून मगच माल भरून घ्या, नाहीतर सहा महिन्यांत त्याच रेषेत चीर उमटते. फोटो फक्त मोबाइलमध्ये ठेवू नका, मोबाइल बदलतो. कागदावर काढा आणि घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा. आणि मेनबोर्डात 30 मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी नसेल तर टीव्हीच्या आधी तो घ्या. दोन हजारांच्या आसपास खर्च येतो. लावल्यावर त्याचं टेस्टचं बटण मधूनमधून दाबून बघायचं.

आपल्या पुरवणीलाही एक विनंती. पुढच्या वेळी अशी भिंत छापाल तेव्हा शेजारी तीच भिंत प्लॅस्टरच्या आधीची छापा, झिऱ्या आणि पाइप दिसतील अशी. लोक ते पान जपून ठेवतात, माझ्याकडे घेऊन येतात. त्यांच्या हातात दोन्ही फोटो असू देत.

विश्रामबागेतल्या त्या घरात आम्ही सगळं नव्याने केलं. जुनी झिरी पूर्ण साफ केली, 32 चा सरळ पाइप सिग्नलला, 20 चा पॉवरला, मध्ये वीतभर अंतर. मेनबोर्डात आरसीसीबी बसवला. पॅनेल उतरवण्याआधी मुलीच्या आईने त्याचे सगळे स्क्रू स्वतः टेस्टरने तपासले, मी शिकवलं तसं. मुलीची चित्रं सध्या फ्रिजवर आहेत. उद्या सकाळी नऊ वाजता गवंडी झिरी बुजवायला येणार आहे. फोटो काढायला मी आठ वाजताच जातोय.

आपला,
एक तारतंत्री
विश्रामबाग, सांगली